टायर माझ्या वजनानं झिजलं नव्हतं

इथल्या मराठी मंडळातल्या बायांनो, आज दुपारचंच सांगते. अजून डोकं तापलंय.

आमच्या गाडीचं पुढचं डावं टायर नवं असून चार महिन्यांत झिजलं. त्या बाजूला मी बसते. आमच्या ह्यांनी, डॉक्टरसाहेबांनी, लगेच निदान केलं, "तुझ्या वजनानं झिजलं." आणि मला मागच्या सीटवर बसवलं.

मी तेव्हाच म्हटलं, "अहो, फक्त आतली कड झिजलीय. पाय वाकडा पडला की चप्पल अशीच झिजते. आमेरच्या वाटेवर दगडाला धडकलो होतो, ते चाक दाखवा."

तर म्हणे, "चौथी पास तू, तुला गाडीतलं काय कळतं?"

आज झोटवाड्याजवळ तेच टायर फुटलं. समोरच्या उंटगाडीवर आदळता आदळता वाचलो. गॅरेजातल्या मिस्त्रीनं टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, "वजन से तो दोनों किनारे घिसते, साहब. आपका पहिया टेढ़ा है."

"ठीक है, सीधा कर दो," एवढंच बोलले हे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझ्या वजनाचा विनोद ह्यांनी तुमच्या घरोघर सांगितला, आणि तुम्ही पोट धरून हसलात. आता वाकड्या चाकाचं तितक्याच हौसेनं सांगाल का?