आठ ते नऊ, मुक्काम मार्गासनी

भाचा गावी आलाय म्हटल्यावर मी पुण्यात थांबणं शक्यच नव्हतं. अनिकेत, माझ्या आक्काचा मुलगा, व्यावसायिक टेनिस खेळतो. टीव्हीवर दिसतं ते टेनिस नव्हे, त्याच्या दोन-तीन पायऱ्या खालचं, जिथे रिकाम्या खुर्च्यांसमोर सामने होतात आणि जागतिक क्रमवारीत पाचशेच्या आसपासची मंडळी एकमेकांना हरवत वर सरकायला बघतात. मी पुण्यात एका क्लबात कोर्टांची देखभाल करतो. त्याच्या हातात पहिली रॅकेट मी दिली, शाळेलाही तो माझ्याच घरी होता. त्यामुळे हंगामभर मोबाईलवर त्याचे गुण बघत बसणं हा मी माझा हक्क समजतो. दहा महिने तो देशोदेशी हिंडला. डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी मार्गासनीला परतला आणि पहिल्याच रविवारी सकाळी सहाला मी धनकवडीतून गाडीला किक मारली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. कात्रजचा बोगदा ओलांडला की स्वेटर कमी पडतो, वर जाकीट हवंच. वरवे बुद्रुक हे आमचं मूळ गाव, तिथे हात जोडायचे आणि पुढे नसरापूरच्या फाट्याला उजवीकडे वळायचं. हा फाटा चुकू नका. एकदा मी बोलण्याच्या नादात सरळ किकवीपर्यंत गेलो होतो आणि बायको ते अजून विसरलेली नाही. फाट्यावर मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, तर्री मागाल तेवढी. तिथून वेल्ह्याचा रस्ता सध्या बरा आहे, पण वळणावर खडी पसरलेली असते, दुचाकीवाल्यांनी बेताने. भातकापणी उरकलेली, खाचरांत नुसती धसकटं, आणि धुकं उठताना मागे तोरण्याचा माथा. मी मजेत होतो, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मार्गासनीला आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो आणि सवयीने तात्यांच्या टपरीवर थांबलो. तात्या म्हणजे आक्काच्या नात्यातले दीर. चहा हातात येतोय तोच एक पांढरी मोटार थांबली. एक बाई, एक पुरुष, दोघंही चाळिशीचे, नीटनेटके. बाईंच्या हातात कागद होता.

"अनिकेतचं घर कुठं आहे? टेनिस खेळतो तो."

"काय काम व्हतं?" तात्यांनी विचारलं.

"त्यालाच भेटून सांगायचंय."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. या खोऱ्यात मोटारीतून येणारा, हातात कागद असलेला आणि काम न सांगणारा माणूस म्हणजे जमिनीचा दलाल. सातबाऱ्यावर दहा नावं असतात, नऊ जणांच्या सह्या कशातरी झालेल्या असतात आणि हे लोक दहाव्याला शोधत फिरतात. त्यावर गावाने आपला तोडगा काढलाय. सहीला माणूस सापडूच द्यायचा नाही. कुणी शिकवावं लागत नाही, शेंबडं पोरसुद्धा सांगतं, पुण्याला गेलाय.

"त्यो न्हाई हितं," तात्या म्हणाले. "पुण्याला गेलाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "हो ना, माझ्याच घरी आहे. मी मामा त्याचा."

"येल्ह्याला चुलता हाय, तितं बगा इचारून," तात्यांनी वर फोडणी दिली. मोटार वेल्ह्याच्या दिशेने गेली. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी दुसरा चहा घेतला, तोही चवीने.

साडेआठला आक्काच्या अंगणात गाडी लावली. अनिकेत पायरीवर बसला होता, पायात बूट, नजर रस्त्यावर. मला वाटलं, माझीच वाट बघतोय.

"मामा, वाटंत कुणी भेटलं का? घर इचारणारं?"

मी मोठ्या थाटात सगळं सांगितलं. चुलत्याचा भाग तर दोनदा. त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला.

"मामा, ती डोपिंगची मानसं असत्याल."

मला काही कळेना. मग त्याने भराभर सांगितलं. यंदा देशाच्या संघात राखीव म्हणून नाव आल्यापासून त्याला रोज मोबाईलवर भरावं लागतं, आज कुठे झोपणार आणि दिवसातला कुठला एक तास कुठे सापडणार. त्या तासात उत्तेजकांच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना घ्यायला कुणी कधीही, न सांगता येऊ शकतं. काय काम आहे ते ही माणसं आधी कुणालाही सांगत नाहीत. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाही की बंदी, दोन वर्षांपर्यंत. आजचा त्याचा तास आठ ते नऊ, मुक्काम मार्गासनी.

"पण एकदाच ना? एकदा चुकलं तर काय..."

"दोनदा चुकलंय, मामा. ह्ये तिसरं."

दहा महिने देशोदेशी घासलेला खेळ मी एका कप चहावर बुडवला होता. कोर्टावर एक पान पडलं तरी उचलणारा मी माणूस!

"त्यांना फोन लाव!"

"नंबर कुठाय? आन् त्यांनी लावला तरी हितं घरापाशी रेंज कुठं?"

"मग चल, बस मागे!"

"मला हालता येत न्हाई. हितंच असाया पायजे."

आठ तेहतीस. मी एकटा निघालो. वळणावरची खडी, बेताने जा वगैरे जे वर लिहिलंय ते माझ्यासाठी नव्हतं. विंझरच्या थांब्यापाशी ती पांढरी मोटार दिसली तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. काच खाली होती आणि एक म्हातारे आजोबा आत वाकून ठासून सांगत होते, "त्यो? त्यो तर पुण्याला गेलाय!"

"मॅडम, तो घरी आहे," मी धापा टाकत म्हणालो. "दारात बसलाय. मी खोटं बोललो."

बाई थंडपणे माझ्याकडे बघत राहिल्या. "आत्ता खरं बोलताय की मघाशी?"

मी गाडीची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. म्हणालो, "ही तुमच्याकडे ठेवा. मी तुमच्या मोटारीत बसतो. तो दारात नसला तर मला पोलिसांकडे न्या." बाईंनी घड्याळ पाहिलं. "बसा."

आठ छप्पन्नला आम्ही अंगणात होतो. अनिकेत त्याच पायरीवर, त्याच जागी. बाईंनी कागदावर वेळ लिहिली तेव्हा मी तुळशीकट्ट्याला धरून खाली बसलो.

पुढे दोन तास गेले, कारण अनिकेतला लघवीच होईना. आक्काने ताक आणलं, त्याने घेतलं नाही, सीलबंद पाणीच हवं. "माज्या ताकात काय इख हाय का रं?" आक्का बाईंच्या देखत भडकली. नमुना अकराला झाला. बाई जाताना किल्ली देत म्हणाल्या, "गाव चांगलं आहे तुमचं. फार सांभाळतं." त्यात चिमटा होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारी खाचराच्या बांधावर बसलो असताना मी म्हणालो, दाखव तो मोबाईल. दहा महिन्यांच्या रात्री तिथे ओळीने होत्या. मी धरून चाललो होतो की हॉटेलं असतील. सहा जणांची खोली, पलंग क्रमांक चार. बसस्थानक. विमानतळ, दुसरा मजला. एका गावात कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आठवडाभर. पहिली चूक झाली ती पात्रता फेरीत हरून एक दिवस आधीच पुढच्या गावी निघाला म्हणून, दुसरी रात्रीची बस बिघडली म्हणून. मला एका ओळीचाही पत्ता नव्हता.

"सांगायचं ना रे."

तो धसकट उपटत राहिला. "मामा, तुमी रोज मेसेज करायचा. जिंकलास का, म्हणून. आई बी त्येच, तात्या बी त्येच. कुठं हाईस, ह्ये फकस्त ती डोपिंगची मानसं इचारायची."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी उठून उगाच बांधावरचे दगड नीट करायला लागलो, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती.

संध्याकाळी तात्यांच्या मोटारसायकलवरून विंझरला जाऊन माझी गाडी घेतली. परतताना टपरीच्या खांबावर खडूने लिहिलेलं दिसलं, 'अनिकेतचं घर डावीकडं, पिंपळामागं' आणि खाली हा मोठा बाण. सह्यांसाठी दलाल आले तरी आता तात्यांची पंचाईतच आहे.

सहलीचा एकूण खर्च पेट्रोल, मिसळ आणि चहा धरून पाचशेच्या आत. परत नक्की जाईन, तुम्हीही जा, रस्ता सोपा आहे.

जानेवारीत तो पुन्हा बाहेर पडला. पहिल्या सामन्याच्या दिवशी मी सवयीने गुण बघायला मोबाईल उघडला, मग बंद केला आणि त्याला विचारलं, "कुठं आहेस?"

बऱ्याच वेळाने फोटो आला. कपडे धुण्याच्या दुकानातलं गोल यंत्र, त्यात फिरणारे त्याचे मोजे, आणि काचेत दिसणारा तो. खाली लिहिलं होतं, "हितं. आजून अर्धा तास हाय, बोला."

सामन्याचं काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं.