औषध म्हणू नका

"औषध म्हणू नका, भाऊ. संयुग म्हणा." मॅडम हे मला दिवसातून दोनदा तरी ऐकवायच्या. बोलताना काचेची कुपी खिडकीकडे धरून नखानं टिचकी मारायच्या. तळाची पिवळी भुकटी हलायची.

पांढुर्ण्याच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायचो. त्या सौंसरहून बसनं यायच्या. तास संपले की कॅन्सरवर चालेल असं काही नवं बनवत बसायच्या. महिनाभर खपून चिमटीभर भुकटी हाती यायची. बहुतेकदा तीही नाही, नुसतं काळं डांबर. "गेलं," म्हणायच्या, आणि तो फ्लास्क स्वतःच घासायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फसलेलं काम दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

एकदा नागपूरहून चाचणीचा अहवाल आला. पिवळ्या भुकटीनं कॅन्सरच्या पेशी मारल्या होत्या. मॅडमनी संत्रा बर्फी वाटली. "काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी मेल्या हो फक्त," हसून म्हणाल्या. "निरोगी पेशींवरची चाचणी बाकी आहे."

त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी माझ्या बायकोला घरी न्यायला सांगितलं. तिलाही कॅन्सरच होता.

"मॅडम, थोडीशी देऊन द्या. तसंही ती जाऊनच राहिली."

"नाही देता येत, भाऊ."

"तुमची सख्खी बहीण असती तर?"

त्यांनी कुपी कपाटात ठेवून दार लावलं. "तरी नसती दिली."

प्रयोगशाळेच्या सगळ्या किल्ल्या इतकी वर्षं माझ्याकडे असायच्या. त्या दिवसापासून त्या कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये गेली. खरं सांगतो, कुलूप नसतं तर मी चोरली असती. त्यांनी ते ओळखलं होतं.

बायको संक्रांतीच्या आधी गेली. मॅडम घरी येऊन बसल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

उन्हाळ्यात दुसरा अहवाल आला. ती भुकटी निरोगी पेशीही तशाच मारत होती. मॅडमनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि फ्लास्क घासायला गेल्या. त्यांचं बरोबर होतं, हे मला कळलं. राग त्याचाच जास्त आला.

पुढे त्यांची बदली झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या तिगावला माझ्या घरी आल्या. मी आतल्या खोलीत शिरलो, दाराच्या फटीतून बघत राहिलो. "बाबा वावरात गेले," मुलीनं सांगितलं. त्या पाणी प्यायल्या. बायकोच्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बाबांना सांग, मी येऊन गेली."

दारात माझ्या चपला होत्या. त्यांनी शेजारच्या आपल्या चपला पायात सरकवल्या आणि पुन्हा आत न बघता निघून गेल्या.