भिंगबाई आणि दुसरी सही

अत्तरसाहेबांच्या चहात भिंगबाईने काहीतरी कालवलं, अशी कुजबुज आमच्या रुग्णालयात चांगली दोन वर्षं चालली. काय कालवलं यावर मात्र मतभेद होते. धोबीखान्यातल्या बायकांच्या मते झोपेची गोळी, तीही रोज पाव-पाव करून. लिफ्टवाल्याचं म्हणणं, झोपेची नव्हे, डोकं फिरवायची. अशी गोळी निघाली असती तर लिफ्टवाल्याच्या बायकोला त्याच्याशी लग्न करायला कोणी काय दिलं होतं याचा उलगडा झाला असता, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. बावीस वर्षं औषधविभागाच्या खुर्चीत बसलेला मुख्य फार्मासिस्ट धड डोक्याने जिन्याखालच्या भांडारात बदली मागत नाही. आणि अत्तरसाहेबांनी तर ती लेखी मागितली होती.

माझी एक्स-रेची खोली औषधखिडकीच्या बरोबर समोर. माणसांच्या बरगड्या बघून झाल्या की उरलेला वेळ मी खिडकीकडे बघण्यात घालवायचो, त्यामुळे यातलं बरंचसं मला बसल्या जागी कळलं. राहिलेलं भिंगबाईच्या नणंदेने सांगितलं.

भिंगबाई औषधविभागात सहायक होती. डॉक्टरांचा कागद बघून फळीवरून औषध काढायचं, मोजायचं, पाकिटात घालायचं, लेबल लावायचं. प्रत्येक औषध ती तीनदा वाचायची. फळीवरून उचलताना, पाकिटात घालताना आणि हातातून सोडताना. गोळ्यांच्या पट्टीमागची बारीक अक्षरं चष्म्यालाही दाद देईनात, म्हणून गळ्यात दोरीने एक भिंग अडकवलेलं असायचं, आणि त्यावरूनच हे नाव पडलं. घरीही तोच खाक्या. तिचा नवरा, वायरमन माणूस, सांगायचा, "मला हो म्हणायच्या आधी हिने मला उलटं करून मुदत बघितली असणार."

अत्तरसाहेबांचा थाट निराळा. माणूस जिन्यात असायचा तेव्हाच वास टेबलापर्यंत पोचलेला असायचा. मिशी कोरलेली, आवाज मऊ, बावीस वर्षांत कोणावर खेकसल्याचं ऐकिवात नाही. त्यांचं काम दुसऱ्या तपासणीचं. पहिल्या हाताने बांधलेलं पाकीट दुसऱ्या हाताने उघडायचं, डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघायचं, तपास-चिठ्ठीवर सही आणि वेळ घालायची, आणि मगच ते खिडकीबाहेर जायचं, असा नियम. पहिला चुकला तरी दुसऱ्याच्या हातात सापडावं, एवढ्यासाठीच तो केलेला.

साहेबांनी या नियमाला सोय लावली होती. सकाळी नऊला चहा आला की साठ-सत्तर कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर अशा पसरायच्या, की प्रत्येकीची फक्त सहीची ओळ खालून डोकावेल. मग वेळेची जागा मागाहून भरायला कोरी सोडून वरून खाली सरळ सह्या मारत सुटायचं. चहा निवायच्या आत साठ सह्या. तो गठ्ठा खिडकीपाशी ट्रेमध्ये जायचा, आणि पाकीट बांधलं की मुली त्यातली एक चिठ्ठी उचलून दप्तरी राहणाऱ्या डॉक्टरांच्या कागदाला टाचायच्या. रांग भराभर सरकायची. लोक साहेबांना दुवा द्यायचे.

भिंगबाई यावर दोनदा बोलली होती. साहेब हसून म्हणाले, "अहो, पहिल्या जागी तुमच्यासारखं माणूस असल्यावर दुसऱ्याने बघायचं काय?" आणि खरं सांगायचं तर बाईला ते आवडलं. पुढे ती हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायची, दात आवळून.

मग तो शिंपी आला. रुग्णालयामागच्या गल्लीतलाच, बोटांचे सांधे धरलेले. डॉक्टरांनी त्याला एक बारीकशी पिवळी गोळी लिहून दिली, आठवड्यातून एक. आता ही गोळी चमत्कारिक. आठवड्याला एक घेतली तर सांधे सुटतात, रोज घेतली तर माणूस आतून सोलून निघतो. आणि संगणकाला कुठलीही गोळी दिली की तो आपणहून 'रोज एक' असं घालायचा. दर वेळी ते हाताने बदलावं लागायचं.

भिंगबाईचा हात त्या ओळीवर होता. तेवढ्यात खिडकीत एक जण आईच्या औषधावरून वाद घालायला लागला, त्याचं मिटतंय तोच वॉर्डातून फोन. परत आली ती तिने सरळ लेबल छापलं. गोळी बरोबर होती, ताकद बरोबर होती, मुदत बरोबर होती. लेबलवर 'रोज एक'. ट्रेमधून सही झालेली चिठ्ठी उचलली, टाचली, पाकीट गेलं.

दहाव्या दिवशी शिंपी स्ट्रेचरवर आला. तोंड आतून फोडांनी भरलेलं, पाण्याचा घोट उतरेना, रक्तातल्या पेशी तळाला गेलेल्या. तीन आठवडे वॉर्डात होता. वाचला, पण घरी जाताना त्याची स्वतःच शिवलेली पँट त्याच्या कमरेवर टिकत नव्हती.

चौकशीत भिंगबाईने पहिल्याच वाक्यात सांगितलं, लेबल माझं, चूक माझी. तिथेच थांबलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मग साहेबांची पाळी आली, आणि ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "मी तपासलं तेव्हा लेबलवर आठवड्यातून एक होतं. नंतर बाईंनी ते का बदललं, ते त्यांनाच माहीत."

चिठ्ठीवर सही होतीच. तिच्याखाली वेळही आली होती, साडेबारा, ताज्या शाईत. त्या दिवशी साडेबाराला साहेब समोरच्या सलूनमध्ये मिशी कोरून घेत होते. मी त्यांना जाताना पाहिलं होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची धमक माझ्यात नव्हती. गप्पा मारणारी जीभ वेगळी असते.

भिंगबाईच्या सेवापुस्तकात शेरा बसला. निष्काळजीपणा आणि तपासणीनंतर लेबलात फेरफार. तिची खिडकी काढून घेतली आणि तिला जिन्याखाली भांडारात धाडलं. तिथे दिवसभर खोकी मोजायची, ओल आलेल्या भिंतीपासून ती वीतभर लांब सरकवायची आणि वरून कोणी हाक मारली तर ओ द्यायची.

नणंदेचं आणि तिचं पंधरा वर्षं पटत नव्हतं. एकाच स्वयंपाकघरात दोघींच्या दोन कात्र्या, दोन सुऱ्या. नणंद आमच्याच कार्यालयात आवक-जावक बघायची, येणारा-जाणारा प्रत्येक कागद तिच्या हाताखालून जायचा. शेऱ्याचा कागदही तिनेच जावकला चढवला. त्या संध्याकाळी ती घरी गेली आणि भावजयीच्या वाटणीची भांडी घासायला बसली.

भिंगबाई म्हणाली, "चूक माझी होती, मी घेतली. खोटं त्यांचं आहे, ते मी घेणार नाही. त्या जिन्याखाली मी त्यांना बसवणार. त्याशिवाय निवृत्त होणार नाही."

"वहिनी, तुमच्या निवृत्तीला नऊ वर्षं आहेत," नणंद म्हणाली.

"पुरेत."

तिला चौदा महिनेच लागले. खिडकीवरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि दुसरं कोणी मिळेना, म्हणून बाईला तात्पुरतं वर घेतलं. वर आली ती साहेबांकडे बघून हसली. त्या हसण्याने माझ्या अंगावर काटा आला, आणि साहेब मात्र खूश झाले. बाईचं डोकं ठिकाणावर आलं, असं ते मलाच सांगून गेले. दुसऱ्या दिवसापासून साहेबांचा चहा तीच ठेवायला लागली आणि टेबलावर चिठ्ठ्याही तीच पसरायला लागली. वेळेवर, नीट, कडा जुळवून. कुजबुजीचं मूळ हेच. जिचं नाव त्या माणसाने मातीत घातलं ती त्याला रोज कपबशी नेऊन देते, हे कोणाला गिळेना.

मध्यंतरी एक दिवस असा आला की सूड आयता तिच्या हातात पडला. नव्याने आलेल्या एका शिकाऊ मुलीने चार वर्षांच्या पोराचं सरबत बांधलं होतं. बाटली दुप्पट ताकदीची, चमचा मात्र साध्या बाटलीच्या हिशेबाने लिहिलेला. कागदाला चिठ्ठी टाचलेली, साहेबांची सही ठणठणीत. पोराची आई खिडकीशी हात पुढे करून उभी. भिंगबाईने बाटली उचलली, भिंग डोळ्याला लावलं आणि तशीच राहिली. मला समोरून तिची पाठ दिसत होती. बाटली गेली असती तर दोन दिवसांत पोर वॉर्डात आणि साहेब घरी. या वेळी लेबल तिचं नव्हतं, बांधणारी दुसरी होती, आणि वेळेची जागा अजून कोरी होती. तिने फक्त हात पुढे करायचा होता.

तिने बाटली मागे ठेवली, योग्य बाटली काढली आणि आईकडून चमचा किती, कितीदा, हे दोनदा वदवून घेतलं. नव्या मुलीला बोलली नाही. घरी जाऊन मात्र तिने आदळआपट केली. नणंद सांगते, ताटावर बसेना.

"हातात आलेला होता मेला, सोडला मी," ती म्हणत होती. "सूड त्यांच्यावर घ्यायचाय, पोरावर नाही. पण त्यांच्यावर घ्यायचा तर मध्ये कोणीतरी आजारी असतंच ना. औषधाचं कामच तसलं."

नणंद म्हणाली, "वहिनी, औषध तुमचं खातं. माझं खातं कागदाचं. कागदाने कोणाच्या तोंडाला फोड येत नाहीत."

मग त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. वायरमन बाहेर जेवणाची वाट बघत बसला.

तीन आठवड्यांनी सोमवारी हुकूम निघाला. मुख्य फार्मासिस्ट यांच्या विनंतीवरून, प्रकृतीस झेपेनासे झाल्यामुळे, त्यांची भांडारात बदली करण्यात येत आहे. भांडारात मुदतबाह्य मालाचा घोळ झाला होता आणि रुग्णालयाच्या अधीक्षक बाईंना तिथे जाणता माणूस हवाच होता, त्यामुळे कागद एका दिवसात मंजूर झाला. खुर्चीवर दुसऱ्या विभागातल्या एक फार्मासिस्ट आल्या. त्या प्रत्येक पाकीट उघडून बघायच्या आणि त्यानंतरच सही करायच्या. आठवड्याच्या गोळ्यांना वेगळा लाल डबा झाला, आणि रोग्याने वार मोठ्याने सांगितल्याशिवाय ती गोळी हातात पडेना. रांग लांबली. लोक कुरकुरले. भिंगबाई खिडकीवर कायम झाली.

साहेब खाली गेले. पहिल्या महिन्यात अत्तराचा वास जिन्यापर्यंत यायचा, मग कापूस आणि फिनाइल यांनी त्यावर मात केली. भिंगबाई रोज दुपारी खाली मागणी घेऊन जायची. खोकी आली की म्हणायची, एक कमी वाटतंय, पुन्हा मोजा. साहेब पुन्हा मोजायचे. बरोबर भरायची. ती म्हणायची, बरोबरच आहेत हो, मोजलेलं बरं असतं. हे तिने आठवड्यातले सहा दिवस केलं, साहेब निवृत्त होईपर्यंत. दया येते का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "येते ना. सातव्या दिवशी."

साहेबांनी हे निमूट का सोसलं, तक्रार का केली नाही, हे लोकांना कळत नव्हतं, म्हणून तर चहाची गोष्ट टिकली. तक्रार त्यांनी केली होती. हुकूम निघाला त्याच दुपारी ते अधीक्षक बाईंच्या खोलीत गेले. नणंद आवक वही घेऊन तिथेच उभी होती. भिंगबाईला दाराशी बोलावून उभं केलं होतं.

साहेब म्हणाले, "हा अर्ज मी केलेला नाही."

"सही कोणाची?" अधीक्षक बाईंनी विचारलं. या बाई कधी हसल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

"माझी."

"वाचून केलीत की न वाचता?"

साहेबांनी भिंगबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"न वाचता केली असेल तर तसं सांगा," अधीक्षक बाई म्हणाल्या. "हुकूम आत्ता फाडते. मग तुमच्या सहीच्या सगळ्या चिठ्ठ्या मात्र मला काढाव्या लागतील. पहिली त्या शिंप्याची."

नणंद सांगते, साहेबांनी हुकूम घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वाचून केली."

त्यामुळे भिंगबाईच्या पुस्तकातला शेरा तसाच राहिला. साहेब सगळं वाचून सही करतात, हे आता दुसऱ्यांदा नोंदलं गेलं होतं. मी तिला म्हटलं, त्यांनी खरं सांगितलं असतं तर तुझा डाग पुसला असता. तिने पट्टी उलटी केली, भिंग लावलं, मुदत वाचली. "डाग कागदावर आहे," ती म्हणाली. "माणूस जिन्याखाली आहे. मला माणूस हवा होता."

चहात चहापत्ती, दूध आणि साखर होती. अर्ज नणंदेने चिठ्ठीच्या मापाच्या कागदावर टाइप केला, भिंगबाईने तो पसरलेल्या चिठ्ठ्यांमध्ये चाळिसावा ठेवला, आणि अत्तरसाहेबांनी त्यावर न वाचता सही केली.