रिकाम्या मैदानावरची टेस्ट

“दादा, गेम परत अडकला! अर्ध्या तासात दुसरी राउंड हाय!”

फोन प्रणालीचा होता. खारबावची पोरगी, मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला. एका गेमिंग टीमची ट्रायल ती घरून ऑनलाइन देत होती. निवड झाली की टीमचा पगार सुरू होऊन गोदाम सुटणार होतं. पीसी मीच बांधून दिलेला. काल्हेरचं दुकान बंद करून मी बाइक काढली आणि तिच्या घरी पोचलो.

आमच्याकडे गोदामांच्या ऑफिसातले जुने पीसी लॉटमध्ये, एकगठ्ठा विकायला निघतात. आम्ही दुकानदार त्यात दणकट ग्राफिक्स कार्ड घालतो आणि ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकतो. तिलाही तसाच दिला होता. कार्ड फक्त चित्र काढतं. कोण कुठे पळाला, गोळी कुणाला लागली, हे गणित प्रोसेसर करतो, आणि तो जुनाच राहतो. ते होईपर्यंत कार्ड नुसतं बसून राहतं.

“सेटिंग कमी केलंस?”

“सगळं लो केलं. काय फरक न्हाय.”

चित्र साधं करूनही फरक नाही, म्हणजे दोष कार्डाचा नाही. कशावर किती भार आहे ते दाखवणारा मीटर स्क्रीनवर उघडला. प्रोसेसर फुल्ल, कार्ड अर्ध्याहून जास्त रिकामं.

“मग प्रोसेसर बदला ना!”

“या मदरबोर्डावर याच्यापुढचा बसतच नाही गं.”

“तुमच्या दुकानात तर मक्खन चाललेला!”

काय सांगणार, कपाळ! दुकानात मी प्रॅक्टिसचं मैदान लावलं होतं. त्यात ती एकटीच पळत होती. आम्ही सगळे तसंच दाखवतो, गिऱ्हाईक खूश होतं. ट्रायलमध्ये साठ जण एकदम धावत होते.

पीसीत मागे चालू असलेले बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. राउंड सुरू झाली. पोरगी खरंच भारी खेळत होती, शेवटच्या दहांत पोचली. मग उरलेले सगळे एका पुलावर जमून एकदम गोळ्या झाडू लागले आणि स्क्रीन थिजली. हलली तेव्हा तिचा खेळाडू आडवा पडला होता.

थोड्या वेळाने टीमचा मेसेज आला. निवड नाही.

“माझं चुकलं, प्रणाली.”

“जाऊ द्या, दादा.” तिने हेडफोन काढला, गोदामाचं आयकार्ड गळ्यात घातलं. “मानकोलीला सोडता? शिफ्ट हाय.”

सोडलं. गेटमधून आत जाताना तिने मागे पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आता मी पीसी भर गर्दीच्या मॅचमध्ये चालवून दाखवतो. तो अडकतो. गिऱ्हाईक उठतं आणि शेजारच्या दुकानातून रिकामं मैदान बघून तसलाच पीसी घेऊन जातं.