अर्धवट काम दाखवायचं नसतं

माझी आत्या चेन दुरुस्त करते. गळ्यातली नव्हे, बॅगांची, जाकिटांची, दप्तरांची, एकदा तर एका मोठ्या तंबूचीही. तो तंबू दुकानात मावेना, तेव्हा तिने अर्धा तंबू रस्त्यावर ठेवून उरलेल्या अर्ध्यात बसून काम केलं. सगळे तिला चेनवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तिच्या नाकावर राग नसतो, चष्मा असतो. त्या चष्म्याच्या वरून ती तुमच्याकडे बघते, आणि ते रागापेक्षा वाईट असतं.

तिचा एक नियम आहे: अर्धवट काम दाखवायचं नसतं. गिऱ्हाईक मध्येच डोकावून झालं का विचारायला लागलं की ती हातातल्या बॅगेवर चौकड्यांचं फडकं टाकते. घरी शिजत्या भाजीवरचं झाकणसुद्धा कुणाला उचलू देत नाही. मी चौथीत असताना तिने माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला, पण माप तरी घेऊ दे म्हटलं तरी दाखवला नाही. तो पुरा झाला तेव्हा मी नववीत होते. त्या स्वेटरमध्ये पुढे आम्ही पाण्याच्या बाटल्या गुंडाळून ठेवत असू.

दुसरी सवय चिठ्ठीची. बॅग आली की तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि त्यावर दोन गोष्टी लिहायच्या: तक्रार काय आणि कधी हवी. तक्रार गिऱ्हाईकाच्याच तोंडच्या शब्दांत. ‘दोन दाते कुठेतरी पडले.’ ‘नवऱ्याने ओढली.’ ‘नवऱ्याने ओढली नाही म्हणतो.’ दुखणं ज्याचं त्याच्या शब्दांत लिहिलं नाही तर भलतंच ऑपरेशन होतं, असं तिचं म्हणणं. काम झालं की चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात जायची. असे अकरा डबे होते, आणि ते फेकून दे म्हणणाऱ्याकडे ती चष्म्यावरून बघायची.

अठ्ठावीस वर्षं दुकान चौकात होतं. मग ती इमारत पाडायला काढली आणि आत्याला मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. तिथे रस्त्यावरून कुणाची नजर जाणंच शक्य नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं चौकात पाडकामाभोवती ठोकलेला पत्रा बघून परत जायची. दिवसाला वीस बॅगा यायच्या त्या आठवड्याला तीनवर आल्या. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, ताई, सहा महिने बघ, नाही जमलं तर दुकान बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. आत्या हो म्हणाली. वाद न घालता हो म्हणाली, त्यामुळे आम्ही सगळेच घाबरलो.

म्हणून वेबसाइट करायचं ठरलं. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते. मी तिथे पत्रं टाईप करते. पण आमच्या घरात कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला सगळंच येतं असं धरून चालतात, आणि खरं सांगायचं तर मीही तो गैरसमज जपला होता. एका रविवारी आम्ही दोघी बसलो. साइटने सुरुवातीलाच पाचसहा प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं आत्याने स्वतः दिली, मी तेव्हा चहा ठेवायला गेले होते. मजकूरही तिनेच लिहिला. बोलताना इतकी साधी असणारी ही बाई लिहायला बसली की सरकारी खातं होते. ‘येथे सर्व प्रकारच्या सरकपट्ट्यांची शास्त्रोक्त दुरुस्ती केली जाते.’ वर जुन्या पाटीचा फोटो लावला. दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, सगळं त्या फोटोत होतं.

चार महिने आम्ही खुशीत होतो. सगळ्यांच्या फोनवर साइट झटकन उघडायची. उघडणारच, मी सगळ्यांना साइटचा पत्ताच पाठवला होता आणि सगळे त्यावरच बोट ठेवत होते. काकू तर रोज सकाळी उघडून बघायची आणि आत्याला फोन करून सांगायची की आहे गं अजून. गिऱ्हाईक मात्र वाढेना.

शेवटी खालच्या झेरॉक्सवाल्याने एक दिवस सहज सर्च करून पाहिलं. बॅगेची चेन दुरुस्ती लिहिलं, काही नाही. दुकानाचं नाव लिहिलं, तरी नाही. गल्लीचं नाव लिहिल्यावर त्याचं स्वतःचं दुकान आलं आणि तो खूश झाला. आत्याला मात्र त्याने वर येऊन सांगितलं की मावशी, तुमची साइट तुम्ही सोडून कुणाला दिसत नाही.

माझी लाज गेली. दोन दिवस मी मिळेल ते वाचून काढलं. शोधणाऱ्या यंत्राला फोटोतली अक्षरं वाचण्याच्या भरवशावर ठेवू नये असं कळलं, म्हणून नाव, पत्ता, वेळ साध्या अक्षरांत लिहिली. नकाशावर दुकान टाकलं. तरीही शून्य. मग सेटिंग उघडून एकेक ओळ वाचत गेले आणि तिथे, एका चौकोनात, बरोबरची खूण दिसली. शेजारी लिहिलं होतं: ही साइट सर्चमध्ये दाखवू नका.

मी आत्याला विचारलं, ही खूण कुणी केली?

“मी,” आत्या म्हणाली. “त्यांनी विचारलं, अजून काम चालू असेल तर लपवून ठेवू का. म्हटलं, ठेवा. अर्धवट काम दाखवायचं नसतं.”

मी हात टेकले. काढते म्हटलं तर काढू देईना. मजकूर तिच्या मनासारखा झाला नव्हता. मी म्हटलं, मुळात सरकपट्टी कोण म्हणतं? चेन बिघडली की माणूस काय लिहून शोधेल? ती चष्म्यावरून बघत राहिली. मग उठली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरून बिस्किटाचा पहिला डबा काढला.

पुढचे तीन रविवार आम्ही चिठ्ठ्या वाचल्या. अठ्ठावीस वर्षांत लोकांनी काय काय म्हटलं होतं ते सगळं तिथे होतं. ‘चेन वर जाते, खाली येत नाही.’ ‘बंद होते पण मागून उघडते.’ ‘कापड अडकलं.’ ‘रनर हातात आला.’ रनर म्हणजे चेनवर मागेपुढे सरकतो तो तुकडा. साइटवर एकेक तक्रार म्हणजे एकेक ठळक ओळ, आणि खाली आत्याचं उत्तर, ती बोलते तसं: रनर झिजलाय, चेन चांगली आहे, नवी बॅग घेऊ नका. वाचताना ती इतकी हसत होती की मला वाटलं आता काढेल खूण. पण नाही. तंबूंचा भाग राहिलाय म्हणाली.

सहा महिने संपायला पंधरा दिवस उरले होते. कोपऱ्यात तिची जुनी मोठी बॅग उभी होती, त्यात तिने साड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केलीही होती. ती बॅग बघून माझा तोल गेला.

“आत्या, तू आमच्याकडे आलीस तर मला खूप आवडेल,” मी म्हटलं. “पण तू सोफ्यावर बसून आलेल्यागेलेल्यांच्या चेन बघत बसशील. ते मला बघवणार नाही.”

 मग तिने चष्मा पुसला, मला बाजूला सरकवलं आणि स्वतःच्या बोटाने ती खूण काढली. काढल्यावर स्क्रीनवर फडकं टाकलं.

असल्या गोष्टी लगेच दिसत नाहीत, वेळ लागतो, हे मी तिला सांगितलं होतं. पहिला आठवडा कोरडा गेला. दुसऱ्याचेही पाच दिवस गेले. शनिवारी पाच वाजता बाबा गाडी घेऊन तिला न्यायला येणार होते. मी आवरायला मदत म्हणून गेले होते आणि काहीच आवरत नव्हते.

साडेतीनला जिन्यावर काहीतरी आपटत येण्याचा आवाज आला. एक बाई धापा टाकत वर आली, मागे एक भलीमोठी बॅग. संध्याकाळच्या गाडीने तिला जायचं होतं. इथेच का हो, तिने विचारलं, आणि फोन पुढे केला. तिने लिहिलं होतं: चेन बंद होते पण मागून उघडते. खाली आत्याची साइट होती. तंबूंचा भाग कोरा असलेली.

आत्याने बॅग टेबलावर घेतली. रनर झिजला होता. आठ नंबरचा, दोन्ही बाजूंनी उघडणारा, जुन्या घडणीचा. तिने एक खण उघडला, दुसरा उघडला, सगळे उघडले. तसला रनर नव्हता. बाई घड्याळाकडे बघत होती. आत्या कोपऱ्याकडे बघत होती.

मग तिने आपली बॅग टेबलावर आडवी केली, आतल्या साड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि पक्कड घेतली. दहा मिनिटांत तिच्या बॅगेचा रनर त्या बाईच्या बॅगेवर चढला. तिने तो मागेपुढे चारदा फिरवून दाखवला. बाई गेली. जाताना म्हणाली की तिच्या बहिणीकडेही अशीच एक आहे.

पाचला बाबा आले. मी अजून साड्या धरून उभी होते. निघायचं ना ताई, त्यांनी विचारलं. आत्या दुसऱ्याच कुणाच्या जाकिटाच्या चेनला मेण लावत होती. तिने मान वर न करता आपल्या बॅगेकडे बोट केलं. बॅग टेबलाच्या टोकाला होती, उघडी, फडकं न टाकलेली. तिला नवी चिठ्ठी बांधलेली होती. बाबांनी ती हातात घेतली, वाचली, आणि खुर्ची ओढून शांतपणे बसले. मग चहा आहे का म्हणाले.

चिठ्ठीवर आत्याच्या अक्षरात होतं: तक्रार – बंद होत नाही. कधी हवी – घाई नाही.