‘मूळ पान पाहा’ हे बटण

पत्रावर शाळेचा गोल शिक्का होता, हेडक्लार्कची सही होती आणि मधे एकच ओळ होती: ‘आपण मागितलेली मूळ नोंद उपलब्ध नाही.’ जूचंद्रच्या किशोर म्हात्रेकाकांनी ते पत्र आमच्या मंचाच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर पंजा दाबून उभे राहिले, पंख्याने उडून जाईल म्हणून.

"ताई, आमचा आजा शालेत गेलाच नाय असा लिवलाय यांनी," ते म्हणाले. "मंग अख्ख्या गावाची पत्रं कोन लिवायचा?"

आमचा मंच म्हणजे दाखले, रेशनकार्ड आणि पाण्याची लाईन यांसाठी भांडणारी आठ-दहा माणसं आणि विरार पश्चिमेला एका क्लासची संध्याकाळी रिकामी असणारी खोली. पत्रकं लिहायचं काम माझं. दिवसा मी प्रोग्रॅमर आहे, चार जणांच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत.

काकांची मुलगी तन्वी सोबत आली होती. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण जात पडताळणी अडली होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकार आधी जातीचा दाखला देतं. मग तेच सरकार विचारतं, हा दाखला खरा कशावरून? मग तुम्ही घराण्यातल्या कोणाची तरी जुनी, ठरलेल्या तारखेच्या आधीची नोंद शोधत फिरायचं. तन्वीच्या घरात अशी एकच नोंद होती. तिचा पणजोबा, म्हणजे काकांचा आजा, आगाशीला मामाकडे राहून शिकला होता. तिथल्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव होतं. समितीला त्या नोंदीचा उतारा आणि मूळ पानाची प्रत हवी होती. मुदत शुक्रवारपर्यंत. त्या दिवशी बुधवार होता. शुक्रवार चुकला तर सीट गेली.

मी भडकले, त्याला आणखी एक कारण होतं. त्या शाळेचा नोंदींचा प्रोग्रॅम आमच्याच कंपनीने केला होता. जुनी रजिस्टरं स्कॅन करून घेतली होती. नावं, वर्षं, नोंद क्रमांक टाईप केले होते. जातीचा रकाना मुद्दाम टाईप केला नव्हता, टाईप करताना एका अक्षराची चूक झाली तरी कोणाचं तरी वाटोळं व्हायचं. त्यासाठी स्कॅन केलेलं पानच उघडायचं. तेवढ्यासाठी एक बटण होतं, ‘मूळ पान पाहा’. पुढे पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि खरी रजिस्टरं भिजून विटेसारखी घट्ट झाली. आता होतं ते स्कॅनच.

माझा हिशेब सरळ होता. प्रोग्रॅम माझा, म्हणजे चूक त्यांची. एक बटण दाबायचा कंटाळा करतात आणि शिक्का मारून मोकळे होतात. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहून प्रेसला पाठवलं. मथळा होता, ‘शाळेने पणजोबा गिळले’. शंभर प्रती सांगितल्या.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं आगाशीला शाळेत पोचलो. हेडक्लार्क चुरीबाई चष्मा कपाळावर चढवून जावक रजिस्टर भरत होत्या. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. माहितीचा अधिकार, दप्तरदिरंगाई, वरिष्ठांकडे तक्रार, सगळं एका दमात. त्यांनी ओळ पूर्ण केली, पेनाला टोपण लावलं आणि मग वर पाहिलं.

"झालं बोलून? मग ये, इथे बस माझ्या खुर्चीत. मी काही माझ्या मनाने नाही लिहिलं. तूच दाब ते बटण."

मी बसले. नाव टाकलं. यादीत पणजोबा सापडले, नोंद क्रमांकासकट. मी विजयी मुद्रेने बटण दाबलं. स्क्रीनवर एक चौकट आली.

‘मूळ नोंद उपलब्ध नाही. कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा.’

"कार्यालय म्हणजे मीच," चुरीबाई म्हणाल्या. "मी कोणाशी संपर्क साधू?"

काका हसले नाहीत. मीही नाही. कारण ती ओळ मी ओळखली होती. ती मी लिहिली होती. शिक्क्याच्या पत्रातली ओळ शाळेची नव्हती, माझी होती. बाईंनी फक्त प्रामाणिकपणे उतरवून घेतली होती.

मला घाम फुटला तो वेगळ्याच भीतीने. शाळेत आठवड्यापूर्वी नवा कॉम्प्युटर आला होता. त्यावर आम्ही प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली होती. जुन्यावरून स्कॅन नव्यावर आणताना काही राहून गेलं असेल तर? रजिस्टराची वीट झालेली. जुना कॉम्प्युटर भंगारात गेलेला. तन्वी माझ्या खांद्यामागे उभी होती. 

मी प्रोग्रॅम बाजूला सारला आणि स्कॅनचा फोल्डर थेट उघडला. फाईलचं नाव म्हणजे रजिस्टराचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक. तन्वीने यादीतला आकडा वाचून दाखवला, मी खाली सरकत गेले. फाईल होती. डबल क्लिक केला. पान उघडलं. आडवं उघडलं, पण उघडलं.

मी एवढा मोठा श्वास सोडला की चुरीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बाई, मिळालं. हेच प्रिंट करा आणि सही घ्या," मी म्हटलं.

"असं नाही करता येत."

"का नाही? डोळ्यांसमोर आहे ना?"

"फोल्डरमधला फोटो मी प्रमाणित करायचा? उद्या समितीने विचारलं, हा फोटो कोणी आणून टाकला, तर मी काय सांगू? प्रोग्रॅममधून छापला की खाली नोंद क्रमांक येतो. तसाच छापून दे, मी सही आणते. मोठ्या बाई एक वाजता मीटिंगला जातात."

एरवी अशा वाक्यावर मी अर्धं पत्रक लिहिलं असतं. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

मी बॉसना, नाईकसरांना फोन लावला. फाईल आहे, हाताने उघडते, बटणाने उघडत नाही, एवढं सांगितलं.

"एरर काय येतेय?" त्यांनी विचारलं.

"एरर येत नाही. ‘उपलब्ध नाही’ येतंय."

"ती एरर नाही, ते तुझं साहित्य आहे. कॅचमध्ये काय लिहिलंयस ते बघ."

इथे थोडं तंत्र सांगावं लागेल. प्रोग्रॅममध्ये एखादं काम फसू शकतं असं वाटलं की आपण खाली एक जाळी बांधतो. तिला म्हणतात कॅच. वरून पडलेली एरर जाळीत अडकते आणि प्रोग्रॅम कोसळत नाही. अडकलेली एरर बघायची, लिहून ठेवायची, हे आपलं काम. मी काय केलं होतं? जाळीत काहीही पडो, न बघता एकच वाक्य दाखवायचं: नोंद उपलब्ध नाही. फाईल हरवली, उपलब्ध नाही. फाईल आहे पण उघडली नाही, तरी उपलब्ध नाही. मी ज्या खिडक्यांवर जाऊन भांडते, तिथला सगळ्यात आळशी कारकून मीच कोडमध्ये बसवला होता.

लॅपटॉप बॅगेत होता. जाळीतली ओळ काढली, खरी एरर दिसेल असं केलं, नवी प्रत पेनड्राईव्हने शाळेच्या मशीनवर नेली. पुन्हा बटण दाबलं. आता एरर बोलली: ही फाईल म्हणजे चालवता येणारा प्रोग्रॅम नाही.

मग डोक्यात उजेड पडला. माझ्या प्रोग्रॅमला स्वतःला फोटो उघडता येत नाही. तो फाईल विंडोजच्या हवाली करतो आणि म्हणतो, ही कशात उघडायची ते तू ठरव. आपण आगाशीच्या बसच्या कंडक्टरकडे पार्सल देतो तसं. कुठे उतरवायचं ते त्याला ठाऊक असतं. ज्या तयार साच्यावर मी प्रोग्रॅम बांधते, त्या साच्याच्या जुन्या आवृत्तीत पार्सल आपोआप कंडक्टरकडे जायचं. नव्या आवृत्तीत तसं स्पष्ट सांगावं लागतं. त्या सेटिंगचं नाव ‘यूज शेल एक्झिक्यूट’. पूर्वी ते न सांगता चालू असायचं, आता न सांगता बंद असतं. ते बंद राहिलं तर प्रोग्रॅम काय करतो? पार्सललाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो आणि म्हणतो, चल, काढ गाडी.

हा बदल लपवलेला नव्हता, कागदोपत्री लिहिलेला होता. मी वाचला नव्हता.

सर फोनवरच होते. त्यांनी विचारलं, नवी आवृत्ती देताना हे बटण तपासलं नव्हतंस का? तपासलं होतं. खरंच तपासलं होतं. पडताळणीच्या वेबसाईटची लिंक उघडणारं दुसरं बटण आहे. तेही असंच अडलं होतं, तेव्हा नेटवरून एक उपाय उचलून मी ते चालू केलं होतं. मग ‘मूळ पान पाहा’ दाबलं. ‘उपलब्ध नाही’ असं आलं. मी खूश झाले. कारण स्कॅन शाळेबाहेर न्यायचे नाहीत असा नियम आहे, माझ्या लॅपटॉपवर एकही पान नाही. म्हणजे ‘उपलब्ध नाही’ हे माझ्याकडे बरोबर उत्तर होतं. चुकीच्या कारणाने आलेलं बरोबर उत्तर.

 सर म्हणाले, "आधी पोरीचं काम कर. ओरडेन नंतर."

दुरुस्ती दोन-तीन ओळींची. उघडण्याआधी फाईल जागेवर आहे का ते पाहायचं. असेल तर विंडोजला स्पष्ट सांगायचं, तू उघड. फाईल आपल्याच स्कॅनच्या फोल्डरमधली आहे ना, हेही तपासायचं, नाहीतर उद्या कोणी भलतंच काही उघडायला लावेल. लिंकच्या बटणालाही नेटवरचं ठिगळ काढून तोच सरळ रस्ता दिला. सगळं मिळून वीस मिनिटं. 

सव्वाबाराला मी खुर्चीतून उठले. "काका, तुम्ही दाबा," म्हटलं.

"मी? काय बिघरला म्हंजे?"

"जे बिघडायचं ते मी बिघडवून झालंय."

त्यांनी एका बोटाने बटण दाबलं. पान उघडलं. पुन्हा आडवं. आम्ही चौघंही माना डाव्या खांद्यावर टाकून वाचू लागलो. नाव होतं. बापाचं नाव होतं. राहणार जूचंद्र, हल्ली मामाकडे. जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘आगरी’. शेवटच्या रकान्यात पालकाची सही, म्हणजे मामाच्या अंगठ्याचा ठसा.

काकांनी स्क्रीनला बोट लावलं नाही, जवळ नेलं फक्त. "मामाला सही येत नवती," ते म्हणाले. "त्यानंच शालेत घातला याला."

तन्वी इतका वेळ कोरडी होती. आता तिने ओढणी तोंडाला लावली. चुरीबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पान सरळ करून घेतलं, प्रिंट काढलं आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालायला लागल्या. पळणार त्या नव्हत्या, पण बऱ्याच भराभर गेल्या. पावणेएकला सही झाली.

शुक्रवारी काकांनी पालघरला जाऊन कागद जमा केले. पुढे वैधता प्रमाणपत्र मिळालं, सीट टिकली. तन्वी आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

पण गुरुवार तिथे संपला नव्हता. सहीचा कागद काकांच्या हातात दिल्यावर चुरीबाईंनी जावक रजिस्टर पुन्हा उघडलं आणि एका ओळीवर पेन टेकवलं.

"या आठवड्यात असं आणखी एक पत्र गेलंय माझ्या हातून. नंदाखाळला. त्यांनी भांडणसुद्धा केलं नाही, मुकाट्याने घेऊन गेले."

 भांडणाऱ्याचं पान सापडलं. न भांडणाऱ्याचं सापडलं नसतं. मी त्या घराचं पान शोधून छापलं, मोठ्या बाई निघायच्या आत चुरीबाईंनी त्यावरही सही आणली आणि दुपारी मी केळीच्या वाड्यांमधून पत्ता विचारत स्वतः गेले. आजीबाईंनी दार उघडलं. शाळेतून आले म्हटल्यावर त्यांना वाटलं, पुन्हा काही कागद कमी पडला. मी जुनं पत्र मागून घेतलं, सहीचं पान दिलं आणि चूक माझी होती असं सांगितलं.  त्यांनी मला बसवून शहाळं फोडून दिलं. चूक कबूल करायला आलेला माणूस त्यांच्या दारात पहिलाच असावा.

मग प्रेस आठवला. फोन केला तोवर शंभर प्रती छापून, मोजून, दोरीने बांधून तयार. मी गठ्ठा घरी आणला. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहिलं: ‘नोंद उपलब्ध नाही असं या आठवड्यात पत्राने किंवा तोंडी सांगितलं असेल तर पुन्हा शाळेत या. चूक प्रोग्रॅमची होती.’ खाली माझं नाव आणि कंपनीचं नाव. दोन प्रती शाळेच्या फळ्यावर लावल्या, बाकी आजूबाजूला. नाईकसर ओरडले, पण कंपनीच्या नावावरून नाही. ‘प्रोग्रॅमची’ खोडून ‘प्रोग्रॅमरची’ करायला लावलं.

आता त्या बटणामागे वेगवेगळी वाक्यं आहेत. फाईल नसेल तर तसं सांगतं. फाईल असून उघडत नसेल तर चौकट येते: ‘पान आहे. मला उघडता आलं नाही. कंपनीला फोन करा.’ खाली खरी एरर, आमचा नंबर. क्लायंटला असं लिहितात का, असं सर म्हणाले. चुरीबाई म्हणाल्या, राहू दे, वाचायला बरं वाटतं.

ती चौकट त्यानंतर एकदाच आली. कॉम्प्युटरवर फोटो उघडणारा प्रोग्रॅम कोणीतरी काढून टाकला होता. दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी चुरीबाईंनी शिक्क्याचा डबा उघडला नाही. फोन उचलला.