रस्त्याकडेच्या शेंगा

आई गेल्यानंतर आज पहिल्यांदाच शेंगा उकडल्या. कुकर उघडला आणि त्या खारट, मातकट वासानं मला थेट साउथ कॅरोलायनातल्या त्या छोट्या गावात नेलं. रस्त्याकडेला एक गोऱ्या आजी भल्यामोठ्या पातेल्यात शेंगा उकडत होत्या. गाडीतून उतरता उतरता आई हरखून म्हणाली, "अगंबाई, इथंही?"

पोटभर खाऊन निघालो, तेव्हा आजी म्हणाल्या, "यॉल कम बॅक!"

"परत या म्हणतायत," मी आईला सांगितलं. "खरं नाही गं, इकडे सगळ्यांनाच म्हणतात. नुसती बोलायची पद्धत."

आईनं माझ्याकडे दुर्लक्ष केलं, आजींचा हात हातात घेतला आणि चक्क मराठीत म्हणाली, "येते हं."

पुढच्या महिन्यात भारतात परतताना, एअरपोर्टवर ती मलाही तेवढंच म्हणाली. ते मात्र मी खरं धरून बसले.